नळाचा खड्डा

ज्यांच्या घरात आत्ता कुणाचे डोळे पिवळे झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढंच वाचा. पाणी उकळून प्या. घरात गरोदर बाई असेल आणि तिला मळमळ, ताप, पिवळी लघवी यांतलं काहीही दिसलं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. कावीळ उतरवायची माळ घालायची असेल तर घाला. माळेनं काही बिघडत नाही. माळ घातली आहे म्हणून दवाखाना पुढे ढकलला, की बिघडतं.

बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. मीही सावकाशच लिहिते आहे. थोडं लिहिते, चिडते, आणि कागद बाजूला सारते.

पाणी

आमचं गाव खामगावहून पिंपळगाव राजाला जाताना लागतं. मी इथल्या हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. नवरा, विलास, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. घरात सासूबाई.

नळ आठवड्यातून एकदा आला तर गाव खूश असतं. आलेल्या पाण्याला जोर नसतो, म्हणून प्रत्येकानं दारासमोर खड्डा करून आपला नळ जमिनीखाली नेला आहे. ज्याचा नळ खोल, त्याच्याकडे पाणी आधी. शेजाऱ्यानं हातभर खणलं की आपण दीड हात खणायचं, आणि त्यावर पाणी ओढणारा टिल्लू पंप लावायचा. आमच्या गल्लीत बाया कमरेइतक्या खड्ड्यात उतरून हंडे भरतात. शेजारून उघडी नाली जाते. नळ गेला की तिचं पाझरलेलं पाणी खड्ड्यात साचतं, नळाचं तोंड त्यात बुडतं, आणि रिकामी होत गेलेली पाइपलाइन तेच पाणी आत ओढून घेते. पुढच्या वेळी नळ सुटला की ते सगळ्या गल्लीत वाटलं जातं.

हे मला नंतर कळलं. तोवर आमचा एकच नियम होता: पहिले हंडे गढूळ, ते सड्याला, स्वच्छ दिसायला लागलं की पिण्याचं.

त्या उन्हाळ्यात विलासनं आमचा खड्डा आणखी खोल केला. त्याची धाकटी बहीण प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. "प्रज्ञी येऊन राह्यली. तिले पाण्याचा तरास नाही झाला पाह्यजे," असं म्हणत तो पहार चालवत होता. गल्लीतले लोक येऊन पाहून गेले. सगळ्यांत खोल खड्डा आमचा, याचं आम्हाला कौतुकच होतं.

प्रज्ञा चिखलीला दिलेली. तिच्या सासरी पाणी शुद्ध करायचं यंत्र भिंतीला लावलेलं होतं. तिथून ती आमच्याकडे आली, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं.

उजेडात ये बरं

आधी आजारी मी पडले. शाळेत पुस्तकांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि तशीच खाली बसले. चहाचा वास नकोसा झाला. फोडणी पडली की मी मागच्या अंगणात जायची. सासूबाईंना वाटलं, माझंच काही आहे की काय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ती आशा पाहून मला रडू आलं.

प्रज्ञानं ओळखलं. "वहिनी, उजेडात ये बरं." तिनं माझी पापणी खाली ओढली. "बाप्पा! हळद खेळून आली काय तू? मले सांगतलं बी नाही."

"थट्टा करू नको."

"थट्टा नाही करून राह्यली. आरशात पाय. त्या तुह्या जुन्या पुस्तकाच्या पानासारखे झाले डोळे."

आरोग्य केंद्रात रक्त घेतलं, ते खामगावला गेलं, रिपोर्ट आला. पाण्यातून होणारी कावीळ. आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि चांगले होते, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, आराम करा, तेलकट खाऊ नका, पाणी उकळा. घरी गरोदर नणंद आहे हे मी त्यांना सांगितलं. ते लिहिताना थांबले. "तिला उकळल्याशिवाय एक घोटही देऊ नका. या काविळीत गरोदर बाईला फार धोका असतो."

त्या दिवसापासून उकळलं. पण शरीरात शिरलेला हा रोग महिना-महिना, कधी त्याहून जास्त, गप्प बसतो. आम्ही पातेलं गॅसवर ठेवलं तेव्हा प्रज्ञाच्या पोटात ते पाणी कधीच गेलेलं होतं.

माळ

सासूबाईंचा रिपोर्टवर विश्वास नव्हता. जवळच्या गावात एक म्हातारा कावीळ उतरवतो. मंत्र म्हणून दोऱ्यात मुळीचे तुकडे ओवून देतो. ती माळ डोक्यावर बसेल एवढीच असते. मग दिवसागणिक सैल होऊन गळ्यात येते, छातीवर येते. लांबली, म्हणजे कावीळ उतरली. मुळी सुकते आणि गाठी सैल होतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी घातली. घरात भांडायला ताकद लागते, ती नव्हती.

शाळेत परत गेले तेव्हा मात्र मी घाबरले. ग्रंथालयात बसल्या बसल्या मला माळा दिसायला लागल्या. गणवेशाच्या आत, ओढणीखाली, शिपायाच्या टोपीखाली. दुधवाल्याच्या गळ्यात. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंच्या गळ्यात. मी तशीच आरोग्य केंद्रात गेले.

"डॉक्टर, गावात खूप जणांना झाली आहे. माळा मोजा."

ते हसले नाहीत. "मॅडम, तुमच्या गावातून माझ्याकडे एक रिपोर्ट आहे. तुमचा."

"बाकीचे तुमच्याकडे येतच नाहीत. तिकडे जातात."

"मला कळतंय. पण माळेवर मी केस लिहू शकत नाही. रक्त लागेल."

"मग या आणि घ्या ना रक्त."

"साथ आहे असं वर कळवल्याशिवाय टीम येत नाही. आणि केस नसताना साथ कशी कळवू?"

मी त्या टेबलासमोर उभी राहिले. कुणावर ओरडावं ते कळेना. त्यांच्यावर ओरडावं असं त्यांनी काही केलेलं नव्हतं.

प्रज्ञा

तिला आधी फक्त उलट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरत आले, होते असं. मी म्हटलं, आज जायचं, आत्ता. खामगावहून अकोल्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिल्यावर आमच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मला समजलं.

मोठ्या दवाखान्याचा एक वेगळाच दिवस असतो. सकाळी फरशी पुसणारी बाई सगळ्यांना उठवते. मग डॉक्टरांची फेरी, मग चिठ्ठ्या, मग चिठ्ठ्या घेऊन धावणं. विलास धावायचा. मी स्वतःच अजून अशक्त, म्हणून प्रज्ञाजवळ बसायची. तिथल्या एका सिस्टरनं माझे डोळे पाहून स्वतःचं स्टूल मला दिलं आणि ती उभ्यानंच लिहीत राहिली. दुपारी मला अर्धं केळं आणून दिलं. मी तिचं नाव विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

प्रज्ञा झोपेत जाऊ लागली. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "वहिनी, चिखली आलं काय? माही बॅग वर ठेवेल हाये."

"आलं नाही अजून. झोप."

"उतरवून घेजो मले. नाही तं हा ड्रायव्हर पुढं नेते."

बाळ आधी गेलं. मग ती गेली. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मोजणी

ती गेल्यावर गावात टीम आली.

सोयाबीन सोंगणीचे दिवस. दुपारची वेळ. माणसं शेतात कापणीला, निम्म्या घरांना कुलपं. टीमनं दारांवर खडूनं खुणा केल्या आणि पुढे गेली. आरोग्य सहायक आमच्याकडे आले. "मॅडम, मागच्या आठवड्यात बाहेरचं काही खाल्लं होतं का? पाणीपुरी वगैरे?"

मी म्हटलं, "मागचा आठवडा विचारू नका. दीड-दोन महिन्यांपूर्वीचं विचारा."

"फॉर्ममध्ये मागचा आठवडा आहे."

पाण्याचा नमुना त्यांनी उंच टाकीतून घेतला. त्या टाकीत सकाळीच ब्लिचिंग पावडर टाकलेली होती. वास येत होता. मी त्यांना हाताला धरून आमच्या खड्ड्यापर्यंत आणलं आणि म्हटलं, इथलं घ्या. ते खाली वाकून बघत राहिले. "नळ आल्याशिवाय नमुना कसा घेणार? आणि खड्ड्यातलं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे." टाकीचा रिपोर्ट आला: पिण्यास योग्य.

मग एक दिवस डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. त्यांना सांगताना अवघड जात होतं. प्रज्ञाची नोंद आमच्या गावाच्या नावावर नव्हती. दवाखान्यात आधार कार्ड दिलं, त्यावर सासरचा पत्ता. तिचा मृत्यू तिच्या सासरच्या खात्यावर गेला होता. तिकडची माणसं तिच्या सासरी जाऊन भिंतीवरचं ते पाणी शुद्ध करायचं यंत्र तपासून आली होती.

"म्हणजे आमच्या गावात?"

"रेकॉर्डला एक पेशंट. तुम्ही. बऱ्या झालेल्या. मृत्यू नाही."

माझा संताप तिथे असा झाला की मी हसले. आमच्याकडच्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, हे या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? ज्या रोगाचा सगळ्यांत मोठा घाव गरोदर बाईवर, त्याची मोजणी तिच्या आधार कार्डावरच्या पत्त्यावर होते. ती जिथलं पाणी प्यायली ते गाव कागदावर निरोगी राहतं.

डॉक्टर म्हणाले, "मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं आहे." पाठवलं असेल. नंतर त्यांची बदली झाली.

घर

ज्यांच्या घरात दोघं आजारी पडतात आणि एक वाचतं, त्यांना मी हे आवर्जून सांगते. वाचलेल्याकडे लोक बघतात.

सासूबाई म्हणाल्या, "तुह्या ताटातलं खाल्लं तिनं. तुह्या उष्ट्यानं गेली माही पोरगी." मी डॉक्टरांचे शब्द सांगितले, की एकाच नळाचं पाणी, मागे-पुढे दिसलं एवढंच. त्या म्हणाल्या, "मंग मले काऊन नाही झाली? मी नाही पीत काय ते पाणी?" याचंही उत्तर होतं, कित्येकांना ती होऊन जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. पण लेक गेलेल्या आईला उत्तर दिलं, म्हणजे तिच्याशी भांडल्यासारखं होतं. सातव्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले, आणि आम्ही तिघं एका घरात तीन बाजूंना बसलो.

विलासला मी एकच म्हटलं: खड्डा बुजव.

"अन् पाणी कुठून आणू? बुजवला तं थेंब नाही येणार आपल्याकडे. बाजूचे सगळे खोल हायेत."

"मग सगळ्यांना सांग. तुझं ऐकतील. सगळ्यांच्या मोटारी तूच लावल्यास."

तो उठून गेला. ग्रामपंचायतीत बैठक झाली तेव्हाही तो गेला नाही. मी गेले. तिथे सगळे मान्य करत होते की खड्डे वाईट. "मी तं आजच बुजवतो, आधी वरच्या गल्लीनं बुजवावे." "आम्ही बुजवतो वो, पण खालचे कायले बुजवतीन?" सरपंच म्हणाले, ठराव घेऊ. घेतला. कुणी एक फावडं माती टाकली नाही.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तो खड्डा विलासनं प्रज्ञासाठी खोल केला होता. बुजवायचा म्हणजे ते तोंडानं कबूल करायचं. म्हणून तो त्याच्या बाजूनंही जात नव्हता. सायकल मागच्या दारानं काढायचा.

सानिया

मग शेजारच्या रुकसानाभाभींची सानिया आली. सातवा महिना. मलकापूरला सासर, पहिलं बाळंतपण. मला भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू आलं.

मी लगेच गेले. सानिया पलंगावर पाय लोंबकळत बसली होती. "चाची, तुम्ही किती बारीक झाल्या!"

मी भाभींना बाजूला घेतलं. "भाभी, हिला परत पाठवा. मलकापूरला त्यांची घरची बोअर आहे. बाळंतपण तिकडेच होऊ द्या."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. "काय म्हणून पाठवू? तिकडचे काय म्हणतीन, माहेरात पाणी नव्हतं काय पाजायले? पयली बारी हाये पोरीची."

"निदान उकळून द्या. पाणी, वापरायचं, भांडी धुवायचं, सगळं."

"किती उकळू? एक हंडा उकळू का सारं घर उकळू?" मग त्या थांबल्या आणि हळू बोलल्या, म्हणून जास्त लागलं. "मॅडम, बुरा नका मानू. तुमची गेली, मले बी दुख हाये. पण तुमची गेली म्हणून माही काढून लावता काय घरातून?"

त्यांनी आमच्या दाराकडे बोट दाखवलं.

"अन् तुमच्या दाराचा खड्डा तं तसाच हाये अजून. तुमाले खरंच वाटते तर आधी तुमचा बुजवा. मंग मले सांगा."

मी घरी आले आणि विलासला शब्द न् शब्द सांगितला. या वेळी मी रडले नाही, समजावलं नाही. तो मोटारीत नवी तार गुंडाळत होता. त्यानं तार तोडली, पुन्हा जोडली. "भाभी म्हणाल्या असं?"

"हो."

"सानिया कितव्यात हाये?"

"सातव्यात."

प्रज्ञाही सातव्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिमेंट घेऊन आला. खड्ड्यात उतरला, नळ उचलून जमिनीच्या वर आणला, खाली दगड-माती भरली, वरून ओटा केला. गल्ली जमली. कुणीतरी म्हणालं, "विलासभाऊ, मोटारीचा धंदा सोडून गवंडी झाला काय बे?" सासूबाई दारातून ओरडल्या, "अरे, मंग पाणी कुठून आणशीन?" तो मान वर न करता म्हणाला, "मीच खोल केला होता, माय. मीच बुजवून राह्यलो." सासूबाई आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला उष्ट्याचं बोलणं बंद केलं. याहून जास्त आमच्यात काही झालं नाही.

त्याच आठवड्यात सलीमभाईंनी, भाभींच्या नवऱ्यानं, जीप सांगितली आणि सानियाला मलकापूरला नेऊन सोडलं. जीप निघताना तिनं खिडकीतून माझा हात धरला, पण आईकडे बघून लगेच सोडला. भाभी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. लेकीची पिशवी त्यांच्या हातातच राहिली होती; सलीमभाईंना जीप मागे घ्यावी लागली.

आता

सानियाला मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. हे मला सलीमभाईंनी दुकानासमोर सांगितलं. भाभी माझ्याशी बोलत नव्हत्या. लेकीच्या सासरी बाळंतपणाला जाऊन त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन सानिया येणार आहे. बाळाला वरचं पाणी लागणार नाही अजून, पण तिला लागेल.

गल्लीतला आणखी एकही खड्डा बुजलेला नाही. ठराव आहे. नवीन पाइपलाइन मंजूर आहे असंही म्हणतात. आमच्या नळाला, विलास म्हणाला होता तसंच, थेंब येत नाही. आम्ही शेतातल्या विहिरीवरून ड्रम आणतो आणि टँकर आला तर टँकरचं घेतो. जे बरोबर होतं ते आम्ही केलं, आणि कोरडे राहिलो. हे लिहिताना मला कुणाच्या कौतुकाची अपेक्षा नाही. चीड आहे, ती आहे तशी लिहिते.

परवा नळ सुटला. गल्लीभर टिल्लू सुरू झाले. आम्ही दोघं अंगणात रिकामा ड्रम आडवा करून धूत होतो. भिंतीवरून एक हिरवा पाइप आला, सरपटत खाली उतरला आणि त्यातून पाणी सुरू झालं. पलीकडून भाभींचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"भरून घ्या मॅडम. बंद होते आता."

त्यांचा खड्डा आता गल्लीत सगळ्यांत खोल आहे. पाइप तिथूनच येत होता.

विलासनं पाइप उचलला आणि ड्रमच्या तोंडाशी धरून माझ्याकडे पाहिलं. "भरू काय?"

नको म्हटलं असतं, तर पाणी नको, असं भाभींनी ऐकलं नसतं; तुम्ही नको, असं ऐकलं असतं. पाणी त्याच्या पायावर पडत होतं, आणि आमच्या अंगणात इतकं पाणी वाया जाताना पाहणं आम्हाला दोघांनाही जमत नव्हतं. त्यानं पाइप ड्रममध्ये सोडला.

ड्रम भरला तसं मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "झालं भाभी."

मग आत जाऊन गॅसवर सगळ्यांत मोठं पातेलं चढवलं.